मोबाईलवरची भक्ती आणि देवळाच्या दारातली चौकशी

ताई, सलाम.

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही दुबईत नर्स आहात. २०२० पासून गावच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, रविवारची उपासना यूट्यूबवर बघता, बुधवारी रात्री झूमच्या प्रार्थनासभेला बसता. तिथे जवळ इंग्रजी चर्च आहे, पण मन लागत नाही. मराठी गाणी नाहीत, ओळखीचं कुणी नाही. प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण करण्याच्या, रविवारी घरीच पाव आणि द्राक्षाचा रस घेता. नऊ वर्षांची मुलगी शेजारी बसून बघते, कधी उठून जाते. आणि आई फोनवर म्हणते, "मोबाईलवरची भक्ती ती कसली भक्ती?" तुम्ही विचारलंय की आईचं खरं की तुमचं.

आईचं खरं आहे, पण ती जे कारण देते त्यासाठी नाही. तिला वाटत असणार की देव देवळात, म्हणजे चर्चमध्ये, जास्त ऐकतो. तसं असतं तर बायबलमधल्या विहिरीवरच्या शोमरोनी बाईला प्रभू येशूने सांगितलंच नसतं की भक्ती या डोंगरावर नाही आणि यरुशलेमेतही नाही. तुमच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरातली प्रार्थना आईच्या बाकावरच्या प्रार्थनेइतकीच वर पोचते. अडचण वर पोचण्याची नाहीच. ती आडवी आहे, माणसापासून माणसापर्यंतची. मला हे कळायला पाळक म्हणून केलेल्या एकतीस वर्षांच्या सेवेतली शेवटची पाच-सहा वर्षं लागली, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

२२ मार्च २०२० हा रविवार होता आणि त्याच दिवशी जनता कर्फ्यू. रविवारी देवळाला कुलूप मी पहिल्यांदा पाहिलं. महाराष्ट्रात प्रार्थनास्थळं उघडली ती थेट १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला. जवळजवळ आठ महिन्यांनी. मधल्या काळात आम्ही सगळे पाळक एका रात्रीत कॅमेरामन झालो. १० एप्रिलला उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे होता. आमच्याकडे दुपारी बारा ते तीन क्रुसावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात, त्यात एक महिला मंडळाची, एक तरुण संघाचा, असं ठरलेलं. त्या वर्षी सातही उद्गारांवर मीच बोललो. पेटीवर पाळकीणबाई आणि समोर 'उपासना संगीत' या गीतपुस्तकाच्या आठ-दहा प्रती रचून त्यावर टेकवलेला मोबाईल. तिसऱ्या उद्गाराला कर्ज हवंय का म्हणून बँकेतून फोन आला आणि लाइव्ह बंद पडलं. तरी संध्याकाळी पाहिलं तर व्ह्यूज ६१४. आमची मंडळी ८० घरांची. मी फुशारलो, खोटं कशाला सांगू? मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडीलजनांच्या मीटिंगमध्ये तो आकडा मी दोनदा सांगितला.

त्याच मंडळीत एक गृहस्थ होते, एमआयडीसीत कंत्राटावर. दर बुधवारी झूमवर त्यांचं नाव दिसायचं. प्रत्येक प्रार्थनेनंतर चॅटमध्ये "आमेन". मी समजलो, ठीक चाललंय. नोव्हेंबरात देऊळ उघडलं तेव्हा पहिले दोन रविवार ते आले नाहीत, म्हणून घरी गेलो. मे महिन्यातच काम सुटलं होतं. बायकोचं मंगळसूत्र सोनाराकडे गहाण. सहा महिने रेशनचा तांदूळ आणि मिठाची डाळ. फोनला रिचार्ज होता, कारण मुलीची शाळा त्यावरच चालायची. मी विचारलं, सांगितलं का नाही? म्हणाले, "साहेब, बोलावं तर सगळ्यांसमोर बोलायचं. चौकटीत सगळे बघत असतात."

त्या दिवसापासून मला देवळाच्या दाराची किंमत कळली. उपासना संपली की पाळक दारात उभा राहून हात मिळवतो, याला लोक रीत समजतात. खरं तर तीच त्याची तपासणी असते. हात गरम लागला, नजर चुकवली, नवरा पुढे निघून गेला आणि बायको मागे रेंगाळली, दोन रविवार अर्पणाचं पाकीट नाही, मूल मागच्याच आठवड्याच्या फ्रॉकमध्ये. यातलं काही कुणी सांगत नाही, दिसतं. झूमवर माणूस आपल्याला दाखवायचं तेवढंच दाखवतो. देवळात नको तेही दिसतं आणि मंडळीची अर्धी सेवा त्या 'नको ते'मधूनच सुरू होते. व्ह्यूज किती ते यूट्यूब सांगतं. कोण आलं नाही ते सांगत नाही. आपल्याकडे उपासना सुटली की ओट्यावर पहिला प्रश्न काय असतो? "आज अमक्याची आई दिसली नाही गं?" तुमच्या बाबतीत हा प्रश्न कोण विचारतं, ताई? दुबईत तुम्ही एका रविवारी आजारी पडलात आणि यूट्यूब लावलं नाही, तर कुणाच्या लक्षात येतं?

आता दुसरी बाजू सांगतो, नाहीतर मी जुन्या वळणाचा म्हातारा पाळक ठरेन. आमच्या देवळात "कुणीतरी प्रार्थना करा" म्हटलं की वीस वर्षं तेच चार वडीलजन उठायचे. त्याच क्रमाने, जवळजवळ त्याच शब्दांत. लॉकडाऊनमध्ये महिला मंडळाने पहाटे सव्वापाचला फोनवर कॉन्फरन्स कॉल सुरू केला. साध्या फोनवर, कारण सगळ्यांकडे स्मार्टफोन नव्हते. चौदा बायका, कुणी धुणीभांडी करणारी, कुणी अंगणवाडीतली, एक शाळेत शिपाई. ज्यांचा आवाज मी देवळात फक्त गाण्यात ऐकला होता, त्या मोठ्याने प्रार्थना करायला लागल्या. एक बाई भाकरी थापता थापता प्रार्थना करायची; मधूनमधून परातीवरची थाप ऐकू यायची. नवऱ्याच्या दारूबद्दल, सासूच्या मोतीबिंदूबद्दल, स्वतःच्या रागाबद्दल. चेहरा दिसत नाही म्हणून जीभ मोकळी झाली. झूमच्या चौकटीत ज्याचं तोंड बंद झालं तो गडी आणि साध्या फोनवर ज्यांचं तोंड उघडलं त्या बाया, दोन्ही एकाच मंडळीतले. म्हणून 'ऑनलाइन' असा एकच शब्द वापरून निकाल देऊ नये, असं माझं मत झालंय. तो कॉल अजून चालू आहे. १९०५ साली केडगावला पंडिता रमाबाईंनी रोज प्रार्थनेला बसणाऱ्या बायकांचा गट केला होता, तेव्हा सगळ्या एका छताखाली होत्या. आमच्या या चौदा जणी चौदा स्वयंपाकघरांत असतात, पण प्रकार तोच.

आमचे एक निवृत्त शिक्षक पक्षाघाताने सहा वर्षं खाटेवर आहेत. त्यांना उपासना फोनवर ऐकू येते हे ठीकच. पण गेल्या वर्षापासून महिन्यातून एका रविवारी जुन्या कराराचा पाठ ते खाटेवरून वाचतात आणि देवळातल्या स्पीकरवर तो ऐकू येतो. शब्द अडखळतात, वेळ लागतो, मंडळी थांबते. त्या रविवारी ते प्रेक्षक नसतात. माझ्या लेखी फरक इथे आहे. फोनवरून आलेल्या माणसाच्या वाट्याला काही काम आहे की नाही, एवढंच बघायचं.

प्रश्न नवा नाही. २ जानेवारी १९२१ ला अमेरिकेत पिट्सबर्गच्या केडीकेए रेडिओवरून कॅल्व्हरी एपिस्कोपल चर्चची उपासना पहिल्यांदा प्रक्षेपित झाली. यंत्रं सांभाळायला आलेले दोन तंत्रज्ञ, एक कॅथलिक आणि एक यहुदी, दोघांना गायनवृंदाचे झगे घालून बसवलं होतं म्हणतात, म्हणजे उपासनेत ते वेगळे दिसू नयेत. तेव्हापासून दर पिढीला हा वाद नव्याने सापडतो. खरं तर त्याच्याही आधीपासून. नव्या करारातल्या २७ पुस्तकांपैकी २१ पत्रं आहेत, म्हणजे दूर राहून केलेली सेवा. पौल कलस्सैकरांना लिहितो की देहाने दूर असलो तरी आत्म्याने तुमच्याजवळ आहे. आणि योहान दुसरं पत्र संपवताना म्हणतो, लिहायचं पुष्कळ आहे, पण शाई-कागदावर नको, तुमच्याकडे येऊन समोरासमोर बोलेन. तिसऱ्या पत्राच्या शेवटी पुन्हा तेच. पत्राने काम होत होतं, म्हणून तर ती पत्रं आज आपल्या हातात आहेत. लिहिणाऱ्याची ओढ मात्र प्रत्येक वेळी वाट धरण्याकडे होती.

एक वचन ऑनलाइनवाले फार वापरतात: जेथे दोघे किंवा तिघे माझ्या नावाने जमतात तेथे मी आहे. हजेरी कमी असली की आम्ही पाळकही तेच वापरतो, स्वतःच्या सांत्वनासाठी. पण मत्तयाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय वरून वाचा. तिथे विषय चाललाय भावाने भावाचा अपराध केला तर काय करायचं, आधी एकट्याने जा, मग एक-दोघांना घेऊन जा, मग मंडळीला सांग. म्हणजे ते वचन तंटा मिटवायला जमलेल्या माणसांबद्दल आहे. आता व्हॉट्सअॅपवरची सहभागिता आठवा. कुणाचं काही लागलं की खाली बारीक अक्षरांत येतं, 'अमक्याने ग्रुप सोडला'. संपलं. देवळात ज्याच्याशी बोलणं बंद आहे तो तिसऱ्या बाकावर असतोच. प्रभुभोजनाला त्याच्याच शेजारी गुडघे टेकावे लागतात. आमच्याकडे दोन भावांचा बांधाचा वाद अशाच एका रविवारी सुटला. कुणी काही उपदेश केला नाही. वेदीपाशी जागा कमी होती आणि दोघं शेजारी आले, एवढंच.

तुमच्या प्रभुभोजनाच्या प्रश्नाकडे वळतो. इथे पंथापंथांत मतं वेगळी आहेत, ती आधी सांगतो. कॅथलिकांचं उत्तर स्वच्छ आहे. व्हॅटिकनने २००२ सालीच एका दस्तऐवजात म्हटलंय की इंटरनेटवर संस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, प्रभुभोजन यांसारखे पवित्र विधी, नसतात. मिस्सा, म्हणजे त्यांची प्रभुभोजनाची उपासना, टीव्हीवर बघता येते, ख्रिस्तशरीर घेण्याची इच्छा प्रार्थनेतून व्यक्त करता येते, पण ती मिस्सेची जागा घेत नाही. पापनिवेदन फोनवर होत नाही. पोप फ्रान्सिस २७ मार्च २०२० ला पावसात रिकाम्या सेंट पीटर चौकात उभे होते ते दृश्य तुम्हीही पाहिलं असेल. तेच पोप १७ एप्रिलच्या मिस्सेत म्हणाले की ही अडचणीच्या वेळची चर्च आहे, चर्चचं खरं रूप लोकांसोबत आणि संस्कारांसोबत. आणि इटलीत लोकांना मिस्सा खुली झाली तसं त्यांनी आपल्या रोज सकाळच्या मिस्सेचं थेट प्रक्षेपण १८ मेनंतर बंद करून टाकलं. लोकप्रिय झालेली गोष्ट आपणहून बंद करायला धैर्य लागतं. आमच्या मंडळीला ते अजून जमलेलं नाही.

प्रॉटेस्टंटांत एकमत नाही. काहींनी त्या काळात घरोघरी भाकर आणि द्राक्षरस ठेवून पडद्यासमोर प्रभुभोजन दिलं, काहींनी आठ महिने उपास धरला. मी स्वतः सुरुवातीला एकदा पडद्यावरून दिलं आणि मग थांबलो. कारण करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल रागावलाय तो भाकरीच्या प्रकारावरून नाही. एक जण भुकेला राहतो आणि दुसरा आपलं आपलं जेवून घेतो म्हणून. शेवटी तो सांगतो, एकमेकांसाठी थांबा. एकट्या माणसाने स्वयंपाकघरात घेतलेल्या भोजनात कुणासाठी थांबायचं? तुम्ही पाप केलंत असं मी म्हणत नाही. आठ महिन्यांच्या बंदीत जे चालून गेलं ते पाच वर्षांची सवय होऊ नये, एवढंच म्हणतो. दुबईत तुमच्यापुढे कुलूप नाही. ऊद मेथा आणि जेबेल अली इथे चर्च-संकुलं आहेत, तिथे अनेक भाषांच्या मंडळ्या एकाच आवारात वेळ वाटून घेऊन उपासना करतात. शुक्रवारच्याही उपासना असतात, त्यामुळे ड्यूटीचं कारण दर आठवड्याला टिकणार नाही. महिन्यातून एकदा का होईना, तिथे जाऊन प्रभुभोजन घ्या. घरचं थांबवा.

मन लागत नाही म्हणता. लागणार नाहीच लवकर. भजन, पेटी, टाळ यांवर वाढलेल्या माणसाला इंग्रजी स्तोत्र म्हणजे परक्याच्या घरातलं जेवण. पोट भरतं, चव येत नाही. नारायण वामन टिळकांची पदं ज्या कानांनी लहानपणी ऐकली ते कान तक्रार करणारच. पण एक गंमत सांगतो. तुम्हाला यूट्यूबवर ऐकू येतं तेही मंडळीचं गाणं नसतं. माइक पेटीपाशी असतो. झूमवर तर सगळ्यांनी मिळून गाणं होतच नाही. प्रत्येकाचा आवाज थोडा थोडा उशिरा पोचतो, आणि अॅप एका वेळी एकाच आवाजाला पुढे करून बाकीचे दाबतं. पेटीचा लांब सूर त्याला पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो, म्हणून तो गिळतं. (तुमच्या बुधवारच्या सभेत कुणी पेटी वाजवत असेल तर त्यांना झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू करायला सांगा, पुष्कळ फरक पडतो. आणि गाताना एकाचाच माइक उघडा, बाकीच्यांनी घरात मोठ्याने गावं.) म्हणजे पाच वर्षं तुम्ही एकट्याच गाताय. बेसूर माणसांच्या मधे उभं राहून गाण्याची जी ऊब असते ती इंग्रजी स्तोत्रातही मिळते. शेजारी केरळची, फिलिपिन्सची बाई असेल. नर्सच असेल बहुतेक.

आता प्रार्थना. फोनवरची प्रार्थना खरी प्रार्थना आहे, यात मला शंका नाही. एकाला एक फोन लावून, नाव घेऊन, दोन मिनिटं केलेली प्रार्थना ही दोनशे जणांच्या ग्रुपवर पडणाऱ्या 'आमेन'च्या रांगेपेक्षा कितीतरी वजनदार. आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवणं मात्र फोनवर होत नाही. याकोब म्हणतो, मंडळीच्या वडीलजनांना बोलवा, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. तुम्ही नर्स आहात. स्पर्शाने माणूस कसा शांत होतो हे मी तुम्हाला काय सांगणार.

ग्रुपवर प्रार्थना-विनंती टाकताना जपा, हे मात्र कळकळीने सांगतो. आमच्याकडे एका मुलीच्या गर्भपाताची बातमी 'प्रार्थनेत आठवा' म्हणून महिला मंडळाच्या ग्रुपवर आली. टाकणारीच्या मनात काही वाईट नव्हतं. दुपारपर्यंत ती बातमी तीन ग्रुप फिरून मुलीच्या सासरी पोचली, आणि सासरच्यांना ते माहीत नव्हतं. तेव्हापासून आमचा नियम आहे: ग्रुपवर फक्त नाव, आजाराचं नावही नाही, आणि दुसऱ्याबद्दलची विनंती त्याला विचारल्याशिवाय नाही. देवाला तपशील माहीत असतो, ग्रुपला कळायची गरज नसते. तुमच्या पेशात तर ही शिस्त रोजची आहे.

ऑनलाइन संदेष्ट्यांबद्दल दोनच वाक्यं. प्रार्थनेआधी क्यूआर कोड दाखवणाऱ्याकडे फिरकू नका. पवित्र आत्मा पैशाने मिळेल असं ज्याला वाटलं त्या शिमोनाला पेत्राने काय सुनावलं ते 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात आहे. अर्पण अशा ठिकाणीच द्या जिथे वर्षाच्या शेवटी हिशेब वाचून दाखवतात आणि उठून प्रश्न विचारता येतो.

आणि तुमच्या आईला एक सांगायला हवं. काही माणसांना देवळाची पायरी चढणं शक्य नसतं, आजारामुळे नव्हे, घरामुळे. नवरा, सासर, भावकी यांच्या भीतीने उशाखाली फोन ठेवून संदेश ऐकणारी माणसं मला माहीत आहेत. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून 'देवाचा दरबार' मांडला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांसाठी. पुढच्या दोन वर्षांत ते गेले आणि दरबार फार वाढला नाही. पण त्यांना जी माणसं दिसत होती ती आज इअरफोन लावून बसलेली आहेत. त्यांच्यासाठी मोबाईलवरची भक्ती हीच भक्ती. तुमचं मात्र तसं नाही, ताई. तुम्हाला अडवणारं कुणी नाही. म्हणून तुमच्यासाठी माझं माप वेगळं.

मुलीचं सांगतो. नऊ वर्षांचं मूल यूट्यूबवरच्या उपासनेतून उठून जातं, यात तिचा दोष नाही. त्रोवसात पौलाचं भाषण लांबलं तेव्हा खिडकीत बसलेला युतुख झोप लागून तिसऱ्या मजल्यावरून पडला होता, तोही प्रत्यक्ष सभेत! मुलं उपदेशाने टिकत नाहीत, दुसऱ्या मुलांमुळे टिकतात. संकुलातल्या रविवारच्या शाळेत तिचं नाव घाला. भाषा इंग्रजी असू द्या. प्रभूची प्रार्थना मराठीत तुम्ही घरी शिकवा, झोपताना.

बुधवारचं झूम सोडू नका. फक्त तिथे बसण्याची रीत बदला. तुमच्या गावच्या पाळकांना स्वतः विचारा, मला काहीतरी काम द्या. दोन विधवा किंवा दोन म्हाताऱ्या वाटून मागा, ज्यांची मुलं बाहेर आहेत. शनिवारी दोघींना फोन करायचा, गोळ्या घेतल्या का, पाय सुजले का, हे तुमच्याइतकं चांगलं कोण विचारणार? तिकडून साधा व्हॉट्सअॅप कॉल लागत नाही म्हणून झूमची लिंक पाठवावी लागेल, किंवा सरळ आयएसडी करा, दहा मिनिटांचाच तर आहे. त्यातली एखादी रविवारी दिसली नाही तर आईकडून तुम्हाला कळायला हवं, आणि तुम्ही बुधवारी नसलात तर त्या दोघींनी आईला विचारायला हवं.

शेवटी रविवारबद्दल. तुमची उपासना यूट्यूबवर आशीर्वादाला बंद होत असणार. सगळीकडे तसंच करतात. आमच्याकडे दोन वर्षांपासून आम्ही आशीर्वादानंतर फोन बंद करत नाही. परगावी असलेल्या घरच्यांना झूमवर घेतो आणि कुणीतरी तो मोबाईल उचलून बाहेर ओट्यावर, स्टुलावर ठेवतं. वीस मिनिटं तो तिथेच असतो. चहा येतो, पोरं आरडाओरडा करतात, कुणी वाकून बघतं आणि म्हणतं, "अगं, बारीक झालीस गं!" पुण्या-मुंबईची, कुवेतची, मस्कतची माणसं उपदेशाला कॅमेरा बंद ठेवून असतात, आणि ओट्यावर फोन आला की एकेक चेहरा उघडतो. तुमच्या आईला सांगा, पाळकांना विचारून पुढच्या रविवारी एवढं करून बघा. तुमच्याकडे तेव्हा सकाळचे साडेनऊ-दहा झाले असतील. नाइट करून आला असाल तर झोपायच्या आधी.